जोड दिसू दे: एकाच कोपऱ्याच्या जुन्या-नव्या फोटोंचं कोलाज

कपाटात जुने फोटो पडून आहेत, खिशात मोबाइल आहे आणि राहता रस्ता दर पाच-सात वर्षांनी ओळखू येईनासा होतो, एवढं भांडवल ज्याच्याकडे असेल त्याच्यासाठी हे लिहितेय. ठाण्यात अशी माणसं कमी नाहीत.

मी नौपाड्यात राहणारी, पेशानं कमर्शियल आर्टिस्ट. कॉम्प्युटर यायच्या आधी जाहिरातीचं आर्टवर्क हातानं चिकटवायचे. टाइपसेटिंगचे ब्रोमाइड, म्हणजे अक्षरं उमटलेले फोटो-कागद, कापायचे, टी-स्क्वेअर लावून सरळ बसवायचे, फोटोची जागा आखायची, वर ट्रेसिंगचा पडदा टाकून त्यावर रंगाच्या सूचना लिहायच्या. फोर्टातल्या एजन्सीत दिवसभर हेच आणि संध्याकाळी व्हीटीहून ठाणे लोकल. त्याच सुमारास घरात कॅमेरा आला, यशिका एमएफ-२. घेतला नवऱ्यानं, रोल संपवले मी. छत्तीसच्या रोलमधून सदतिसावा, कधी अडतिसावा फोटो ओढून काढण्यात कोण आनंद व्हायचा! पुढे डिजिटल आला, मग मोबाइल. पण फिरून फिरून मी टिपत राहिले ते तेच कोपरे: तलावपाळी, जांभळी नाक्याचा बाजार, आमची गल्ली, कळव्याच्या पुलावरून दिसणारी खाडी. एकट्या फोटोवर माझं भागत नाही. मला एकाच चौकटीत तीन-चार वेगवेगळी वर्षं शेजारी शेजारी बसलेली हवी असतात, आणि ते कात्रीशिवाय होत नाही.

कापून चिकटवणं म्हणजे शाळेतलं हस्तकलेचं काम असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोन उदाहरणं. बर्लिनची हाना हॉख १९१६ ते १९२६ या काळात उलश्टाइन प्रकाशनगृहात भरतकामाचे आणि लेसचे नमुने आखायची नोकरी करत होती, आणि मासिकांतले फोटो कापून त्याच काळात तिनं जी चित्रं केली ती आज संग्रहालयांत आहेत. नोकरीतल्या कात्रीनंच कला केली, हे मला फार जवळचं वाटतं. दुसरं आपल्याकडचं. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याचे चितारी श्रीनाथजीच्या पूजेच्या चित्रात यात्रेकरूंचे फोटोतले चेहरे कापून चिकटवायचे आणि बाकीचं अंग, कपडे, दागिने रंगानं काढायचे. चेहरा फोटोतला आहे हे लगेच कळतं आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मी तर म्हणेन, गंमत तिथेच आहे. जोड लपवायचाच असेल तर कोलाज कशाला करायचं? सरळ पॅनोरमा काढावा.

आधी जुने फोटो सोडवा

ऐंशी-नव्वदच्या दशकात चिकट पानांचे अल्बम निघाले होते. वरचं पारदर्शक प्लास्टिक उचलायचं, फोटो ठेवायचा, प्लास्टिक परत दाबायचं. त्यातला गोंद आता पिवळा पडलाय आणि फोटो सोडत नाही. नखानं उचकटू नका, कोपरा मोडतो आणि मोडलेला कोपरा स्कॅनमध्ये पांढऱ्या भेगेसारखा दिसतो. बिनमेणाचा डेंटल फ्लॉस घ्या, कोपऱ्याखालून सरकवा आणि करवतीसारखा मागे-पुढे ओढत हळूहळू पलीकडे न्या. घाई नको.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ही दुसरी डोकेदुखी. पहिल्यांदा काचेवरूनच स्कॅन करून घ्या, म्हणजे निदान तेवढं हातात राहील. लॅबमध्ये रोल धुऊन काढलेला प्रिंट असेल तर तो काचेसकट स्वच्छ साध्या पाण्यात बुडवून ठेवता येतो, कारण तो तयार होताना द्रावणातून आणि पाण्यातूनच गेलेला असतो. थोड्या वेळानं कडा सुटायला लागते. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या फोटोला हा उपाय अजिबात करू नका, शाई वाहून जाईल. बुरशीनं खाल्लेल्या प्रिंटलाही नको. बुरशी लागलेला थर पाण्यात विरघळू शकतो.

मूळ प्रिंट कापायचा नाही. कधीच नाही. स्कॅन करा आणि कात्री चालवा ती त्याच्या नव्या प्रिंटवर. चार बाय सहाचा फोटो ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे पुढे आठ बाय बारापर्यंत ३०० डीपीआयनं छापता येतो. निगेटिव्ह सापडली तर प्रश्नच मिटला, तीच स्कॅन करून घ्या.

पूर्वी उभे होतो तिथेच उभं राहणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, बाकीचं पुढे आपोआप सोपं होतं.

जुना प्रिंट हातात घेऊन त्या जागी जा आणि फोटोत दोन वस्तू शोधा, एक जवळची आणि एक लांबची, ज्या अजून जागेवर आहेत. आमच्या गल्लीच्या जुन्या फोटोत विजेचा खांब आहे आणि त्याच्या मागे, रस्त्यापलीकडच्या इमारतीची खिडकी. फोटोत खांब खिडकीच्या डाव्या चौकटीला अगदी चिकटून दिसतो. मग एक डोळा मिटायचा आणि डावी-उजवीकडे सरकत राहायचं. खांब त्या चौकटीला टेकला की आडवी जागा सापडली. आता पुढे-मागे. खांब आणि खिडकी यांच्या उंचीचं एकमेकांशी प्रमाण फोटोत जसं आहे तसंच दिसेपर्यंत चालायचं. जवळ गेलं की खांब खिडकीपेक्षा भराभर मोठा होतो, मागे आलं की उलट. कॅमेऱ्याची उंचीही विसरू नका. मोबाइल आपण डोळ्यासमोर हात लांब करून धरतो, पूर्वीचा कॅमेरा डोळ्याला लावलेला असायचा.

लेन्सची काळजी मात्र करू नका. मोबाइलची मुख्य लेन्स त्या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा रुंद बघते, म्हणून सगळं लहान आणि लांब गेल्यासारखं वाटतं आणि लोक पुढे सरकतात. सरकायचं नाही. वस्तूंचं एकमेकांशी नातं ठरतं ते तुम्ही कुठे उभे आहात यावर. जागा बरोबर असेल तर जास्तीचा भाग नंतर कापता येतो. जागा चुकली तर कुठलाही झूम ते दुरुस्त करत नाही.

सावलीचं गणितही जमवता येतं. सूर्य वर्षातून दोनदा त्याच वाटेनं जातो. २१ डिसेंबर मधोमध धरला तर २० जानेवारीची दुपार आणि २१ नोव्हेंबरची दुपार यांच्या सावल्या जवळपास सारख्या पडतात. जुन्या प्रिंटच्या मागे तारीख असेल तर तिचा जोडीदार दिवस काढा, म्हणजे वर्षात दोन संधी मिळतात. ठाण्यात मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडे असतो. हिवाळ्यात कायम सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या भिंतींवर त्या दिवसांत ऊन दिसतं. पाऊस मध्ये आला नाही तर!

ठाणे स्टेशनाबाहेरच्या सॅटिसच्या पुलावरून खालचा रस्ता काढणार असाल तर गर्दीच्या वेळी जाऊ नका. घाईतली माणसं तुमच्यामागे ताटकळतील, आणि ठाणे स्टेशनात ताटकळणारी माणसं काय काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकाच दिवशी, एकाच जागेचे पुष्कळ तुकडे

जुना फोटो एकटाच असतो. त्याच्याभोवती आजचा परिसर उभा करायचा तर आजचे फोटो तुकड्या-तुकड्यांनी काढावे लागतात. ही युक्ती ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीची. त्यानं १९८२ मध्ये पोलरॉइडचे फोटो चौकोनात मांडायला सुरुवात केली, मग साध्या ३५ एमएमच्या रोलचे प्रिंट एकमेकांवर चढवत गेला. १९८६ च्या एप्रिलमधलं त्याचं ‘पेअरब्लॉसम हायवे’ शेकडो प्रिंटचं आहे. दुरून एकच सलग रस्ता वाटतो, पण तिथली स्टॉपची पाटी त्यानं शिडीवर चढून, अगदी समोर जाऊन टिपलेली आहे. म्हणून ती आपल्या तोंडावर येते.

मोबाइलवर हे करताना पडद्यावर मधल्या उजेडाच्या जागी बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. हे केलं नाही तर आकाशाचा तुकडा गडद आणि दुकानाचा तुकडा पांढराफटक येतो. मग डावीकडून उजवीकडे एक रांग, तिच्याखाली दुसरी. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण तिसरा हिस्सा पुन्हा यायला हवा. ज्या गोष्टी महत्त्वाच्या, त्यांच्याकडे चालत जा: पाटी, पायरी, देवळीतला गणपती, टपरीवरची बरणी. अशी जवळून काढलेली चार-पाच चित्रं सगळ्या कोलाजचा जीव असतात. तलावपाळीला एखादा फुगेवाला तुमच्या दोन फोटोंत दोनदा आला तर त्याला दोनदाच राहू द्या.

बाजारात माणसांचे फोटो विचारून काढा. जांभळी नाक्यावरच्या एका भाजीवाल्या मावशींनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “काढ, पण मला एक आणून दे.” तेव्हापासून प्रिंट काढताना मी मावशींसाठीही एक काढते.

लॅबमध्ये

प्रिंट मॅट किंवा लस्टर कागदावर घ्या. ग्लॉसी प्रिंट एकमेकांवर चिकटवले की प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनातून चमकतो आणि चित्र बघता येत नाही. आणि काउंटरवर ठणकावून सांगा की करेक्शन नको. मशीन आपणहून प्रत्येक फोटोचा उजेड आणि रंग सुधारत बसतं, मग तुम्ही एवढं लॉक करून काढलेलं एकच आकाश दहा प्रिंटमध्ये दहा निळ्या छटांचं येतं. आमचा लॅबवाला मुलगा अजूनही दर वेळी म्हणतो, “मॅडम, थोडं ब्राइट करून देतो ना, छान दिसेल.” मी म्हणते, “नको रे बाबा, आहे तसं काढ. दिसायचं ते मी बघते.”

स्कॅन केलेल्या जुन्या फोटोचा पिवळसर-लालसर रंग तसाच ठेवावा असं माझं मत आहे. तो सुधारून आजच्यासारखा केला तर मग जुना फोटो लावला कशाला?

जोड कुठे घ्यायचा

सगळे प्रिंट जमिनीवर मांडा, पंखा बंद करा आणि दोन दिवस तसेच ठेवता येतील अशी खोली निवडा. घरात मांजर असेल तर दार लावून घ्या. अजून काही कापायचं नाही. फक्त सरकवायचं आणि मनासारखं जमलं की वरून मोबाइलनं फोटो घेऊन ठेवायचा. आठवण दगा देते.

नेहमीचा सल्ला असा असतो की जोड खांबावर, पाइपवर, भिंतीच्या कडेवर घ्या, म्हणजे दिसत नाही. एकाच दिवशी काढलेल्या फोटोंच्या बाबतीत तो ठीक आहे. मोकळ्या आकाशातून किंवा सपाट भिंतीतून जोड नेला की ठिगळ दिसतं हे खरंच. पण दोन वेगळ्या वर्षांच्या मध्ये येणारा जोड मी मुद्दाम जिथे बदल झालाय तिथूनच नेते. आमच्या गल्लीत लाकडी कठड्याची दोन मजली चाळ होती. जुन्या प्रिंटमध्ये पहिल्या मजल्याच्या कठड्यावर नऊवारी वाळत टाकलेली आहे, तिचा एक पदर खाली लोंबतोय. तिथे आता टॉवर आहे आणि त्याच उंचीवर पोडियम पार्किंगचं स्टीलचं रेलिंग. मी चाळीचा प्रिंट कापला तो बरोबर कठड्याच्या मधल्या खांबाशी, आणि रेलिंग तिथूनच पुढे सुरू केलं. लाकडाची आडवी पट्टी संपते आणि त्याच रेषेत स्टीलची नळी चालू होते. लुगड्याचा पदर पार्किंगमधल्या गाडीच्या टपावर आल्यासारखा दिसतो. रस्त्यावरचा विजेचा खांब दोन्ही प्रिंटमध्ये आहे, त्यावर दोन्ही प्रिंट जुळवले. छपाईत रंग एकमेकांवर बसवायला रजिस्ट्रेशनची फुली असते ना, तेच काम तो खांब करतो. असा एक तरी न हललेला खांब, झाड, देऊळ प्रत्येक कोलाजमध्ये हवंच. तलावपाळीला तळ्यातलं महादेवाचं देऊळ माझ्यासाठी हे काम करतं.

कापणं

कात्री फक्त मोठे वळसे घेण्यापुरती. बाकी सगळं सर्जिकल ब्लेडनं: तीन नंबरचं हँडल, अकरा नंबरचं टोकदार पातं. मेडिकलच्या दुकानात किंवा शस्त्रक्रियेचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतं आणि शोभेच्या क्राफ्ट नाइफपेक्षा कितीतरी सरस कापतं. पातं बोथट होऊ लागलं की बदला. बोथट पातं कागद ओढतं आणि कडेला फोटोचा थर उपटतो. खाली कटिंग मॅट, बाजूला स्टीलची पट्टी. प्लास्टिकच्या पट्टीला पातं खातं आणि मग बोट खातं.

फोटोचा कागद कापला की कडेला पांढरी रेघ दिसते, ती कागदाच्या मधल्या थराची. जोड दिसू द्या असं मी म्हणते, पण ही रेघ दाखवायची गरज नाही. पातं उभं न धरता किंचित तिरकं धरा, मूठ चित्राच्या बाहेर झुकलेली आणि टोक चित्राखाली वळलेलं, म्हणजे वरचा थर पुढे राहतो आणि पांढरा भाग त्याच्या पोटाखाली जातो. त्यानंतर प्रिंट उलटा करून झिरो नंबरच्या पॉलिशपेपरनं मागची कड आतून बाहेर अशा दिशेनं घासा. कड पातळ झाली की खालच्या प्रिंटवर ती सावली न पाडता बसते. तरीही पांढरं उरलंच तर राखाडी रंगाची पेन्सिल कडेवरून फिरवा. काळं मार्कर नको, त्यानं काजळ घातल्यासारखं दिसतं.

चिकटवणं

जून ते सप्टेंबर मी हे काम काढतच नाही. हवेतल्या दमटपणानं बोर्ड फुगलेला असतो, तेव्हा चिकटवलेलं थंडीत ताणलं जातं. दसऱ्यानंतर बसा.

लॅबच्या फोटो-कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्यामुळे पांढऱ्या गोंदातलं पाणी फोटोतून वर जाऊ शकत नाही, सगळं खालच्या बोर्डात मुरतं आणि बोर्ड वाकतो. लहान तुकड्यांना गोंद चालतो, पण पातळ लावा, कडेपर्यंत न्या, वर ट्रेसिंग पेपर टाकून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. बोर्डाच्या मागच्या बाजूलाही त्याच दिवशी तेवढ्याच आकाराचा कागद चिकटवा, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी बसते. बाइंडर लोक हेच करतात. मोठ्या तुकड्यांना मी अॅसिड-फ्री दुहेरी टेप वापरते.

एजन्सीत आमचा सगळा संसार रबर सोल्यूशनवर चालायचा. लावा, उचला, पुन्हा बसवा, सांडलेलं सुकल्यावर रबराच्या बोळ्यानं गोळा करा. कच्च्या मांडणीला त्याच्यासारखं काही नाही. पण टिकाऊ कामाला नको: काही वर्षांनी ते तपकिरी होतं, डाग वर येतो, आणि त्यातलं गंधक काळ्या-पांढऱ्या चांदीच्या प्रिंटला बाधतं. जाहिरातीचं आर्टवर्क छापून झालं की फेकायचं असे, म्हणून तेव्हा चालून गेलं.

बोर्ड घेताना अॅसिड-फ्री माउंट बोर्ड मागा. मिठाईच्या खोक्याचा करडा पुठ्ठा स्वतःही पिवळा होतो आणि फोटोलाही करतो.

हे सगळं कॉम्प्युटरवर लेयर टाकूनही करता येतं, आणि मीही करते, विशेषतः मोठ्या आकाराला. तिथे एकच पथ्य: प्रत्येक तुकड्यात उजेड कुठून येतोय ते बघा. जुन्या फोटोत ऊन डावीकडून असेल आणि नव्यात उजवीकडून, तर कितीही सफाईनं जोडा, डोळ्याला खटकतंच.

दुसऱ्यानं काढलेला फोटो वापरणार असाल तर थोडा कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून फोटोचा हक्कही छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचं वेगळं आहे. आत्याच्या लग्नाचा अल्बम ज्यांनी पैसे देऊन काढवला, हक्क साधारणपणे त्यांचा, वेगळा करार नसेल तर. घरच्यांना विचारा आणि वापरा. नेटवरून उचललेलं जुनं ठाणे मात्र प्रदर्शनात लावायच्या आधी कुणाचं आहे ते शोधा.

फ्रेमवाल्याला सांगून ठेवा की काच फोटोला टेकता कामा नये, मध्ये माउंटची पट्टी किंवा स्पेसर हवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत परत काचेला चिकटलेला फोटो आणि पाण्याची परात. मागच्या बाजूला खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे लावा, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा खेळेल. पावसाळ्यात जी बाहेरची भिंत ओल धरते तिच्यावर टांगू नका, आणि बाल्कनीतल्या उन्हाच्या समोरही नको. बोर्डाच्या पाठीवर पेन्सिलीनं जागा, प्रत्येक तुकड्याची तारीख आणि उभं राहण्याच्या खुणा लिहा: ‘खांब खिडकीच्या डाव्या चौकटीला, गटाराच्या झाकणापासून तीन पावलं मागे.’ बॉलपेन नको, त्याचा उठाव पुढच्या बाजूला येतो.